कोडिंग कधी शिकवलं नाहीये, आणि आता पोरांना शिकवायचंय? इथून सुरू करा

शाळेत लॅब आहे, आठवड्याला एक-दोन तास कॉम्प्युटरचे आहेत, आणि यंदा मुख्याध्यापकांनी सांगितलंय की पोरांना कोडिंग पण शिकवा. तुम्ही गणित नाहीतर विज्ञान शिकवता, किंवा आयटीत नोकरी करता आणि शनिवारी गावाकडच्या शाळेत जाऊन काहीतरी करायचं मनात आहे, किंवा नुसतेच हौशी पालक आहात. कोडिंग थोडंफार येतं किंवा अजिबात येत नाही, पण ते शिकवलंय असं कधीच नाही. हा लेख तुमच्यासाठी आहे. पाचवी ते आठवीची मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, नववीचं शेवटी थोडं येईल.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगच्या अ‍ॅक्टिव्हिटी घ्या असं आलं, त्यामुळे शाळांवर आता थोडं प्रेशर पण आहे. पण मुलांना कोडिंग ही कल्पना नवी अजिबात नाही. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन वगैरे मंडळींनी लोगो नावाची भाषा खास मुलांसाठी बनवली, त्यातलं कासव 'पुढे जा, उजवीकडे वळ' असं सांगितलं की हलायचं आणि मागे रेघ काढायचं. पेपर्ट मूळचे गणितज्ञ होते. मुलानं स्वतः काहीतरी बनवावं, ते बिघडावं, मग का बिघडलं ते त्यानंच शोधावं आणि त्यातून शिकावं, हा त्यांचा विचार. आज आपण जे स्क्रॅच (रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडून प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर) वापरतो ते याच घरातलं, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटानं बनवलेलं, २००७ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं, आणि आजही पूर्ण फुकट.

हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण यात तुमचं काम काय आहे ते ठरतं. तुम्हाला सगळं येत असलं पाहिजे असं नाही. पोराला पुढचा प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि त्याच्या हातातला माउस काढून न घेता गप्प उभं राहता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा खूप अवघड आहे, हे पहिल्याच तासाला कळेल.

आधी तुम्ही स्वतः करून बघा

दोन संध्याकाळी पुरतात. स्क्रॅचच्या साइटवर जा, क्रिएटवर क्लिक करा, अकाउंट लागत नाही. डावीकडे रंगीत ब्लॉक, मध्ये मोकळी जागा, उजवीकडे पांढऱ्या स्टेजवर मांजर. निळे ब्लॉक हालचालीचे, जांभळे दिसण्या-बोलण्याचे, पिवळे 'कधी सुरू करायचं' ते सांगणारे, केशरी म्हणजे कंट्रोल, 'किती वेळा' आणि 'जर असं असेल तर'. सुरुवातीला एवढे चार रंग आले तरी खूप झालं. वरच्या पट्टीत ट्युटोरियल्स आहेत, त्यातली दोन-तीन करा.

मग एक गोष्ट स्वतःची बनवा, बघून नाही. मांजर चालत येतं, थांबतं, 'नमस्कार मंडळी' म्हणतं, परत जातं. से (म्हणजे 'बोल') ब्लॉकमध्ये मराठी टाइप होतं, पोरांना हे दाखवलं की वर्गात नुसता गोंधळ उडतो, कारण कॉम्प्युटर आपल्या भाषेत बोलतोय हे त्यांनी फारसं पाहिलेलं नसतं. हे बनवताना तुम्ही कुठे कुठे अडकलात ते कागदावर लिहून ठेवा, तीच तुमच्या पहिल्या महिन्याची तयारी, कारण पोरं पण साधारण तिथेच अडकणार.

ब्लॉक इंग्रजीतच ठेवायचे का? ग्लोबच्या चिन्हावर भाषांची यादी आहे, ती बघून तुमच्या वर्गाचं तुम्ही ठरवा. मी मराठी माध्यमाच्या मुलांसोबत पण इंग्रजी ब्लॉक ठेवतो आणि फळ्याच्या एका कोपऱ्यात दहा-बारा शब्द मराठी अर्थासकट कायमचे लिहून ठेवतो, रिपीट, मूव्ह, टर्न, वेट असे. दोन आठवड्यात पोरं तिकडे बघायची बंद होतात. पुढे पायथनला, म्हणजे टाइप करून लिहायच्या भाषेला, जाताना त्याचा फायदाच होतो.

लॅबची तयारी, जी कोणी सांगत नाही

नेट चालेल असं धरून कधीच जाऊ नका. स्क्रॅचचं ऑफलाइन अ‍ॅप आहे, विंडोज १० किंवा त्यापुढच्या मशीनवर चालतं. घरून डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तासाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवर टाकून उघडून बघा, नुसतं इन्स्टॉल झालं म्हणून सोडू नका. माउस चालतात का बघा, टचपॅडवर ब्लॉक ओढणं लहान हातांना फार जड जातं. फाइल कुठे सेव्ह होणार ते ठरवा. काही लॅबमधली मशीन रिस्टार्ट केली की सगळं पुसून कोरी होतात, आणि मुलाची महिनाभराची गोष्ट उडाली की ते मूल पुन्हा मनापासून बसत नाही. म्हणून तुकडीचा एक पेनड्राइव्ह, त्यात फोल्डर, आणि फाइलचं नाव 'सातवी ब, जोडी ४' अशा पद्धतीनं. लाइट जाते तिथे दर दहा मिनिटांनी 'सेव्ह' अशी आरोळी द्यायला एका मुलाला नेमा, हे काम मुलांना फार आवडतं.

मशीन कमी असणार, हे तर आलंच. चाळीस मुलं आणि आठ चालू कॉम्प्युटर असं असेल तर सगळ्यांना एकदम बसवू नका, एका मशीनला पाच मुलं म्हणजे एक करतो आणि चार खिडकीबाहेर बघतात. निम्मा वर्ग मशीनवर दोघं-तिघं करून, निम्मा वर्ग वहीवर, आणि अर्ध्या तासाला अदलाबदल, एकच तास मिळत असेल तर पुढच्या तासाला. वहीवर काय करायचं ते पुढे येतंय, आणि तो टाइमपास नाहीये, उलट खरं शिकणं बऱ्याचदा तिथेच होतं.

टॅबलेट असतील तर त्यावर पण स्क्रॅच चालतं. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर मात्र पोरं वैतागतात, त्यापेक्षा वहीचं काम बरं. पहिली-दुसरीची मुलं असतील तर त्यांच्यासाठी स्क्रॅच ज्युनिअर वेगळं आहे, ५ ते ७ वर्षांसाठी, त्यात वाचता येण्याची फारशी गरज नाही.

पहिले दोन तास: कॉम्प्युटर बंद

मुलं लॅबमध्ये जायला तडफडत असतात आणि तुम्ही म्हणता आज वर्गातच, तर थोडी नाराजी होणार, होऊ द्या. पहिल्या तासाला रोबोट तुम्ही व्हा. दारापाशी उभे राहा आणि सांगा, मला टेबलावरच्या खडूपर्यंत न्या. मला फक्त तीन गोष्टी कळतात: एक पाऊल पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. कोणी ओरडेल 'सर, तिकडे जा', तुम्ही हलायचं नाही. कोणी म्हणेल 'पुढे जा', विचारा किती. 'दहा पावलं' म्हटलं की खरंच दहा टाका आणि बाकावर जाऊन आपटा. पाच मिनिटात वर्गाला स्वतःहून कळतं की मशीनला अंदाज येत नाही, जे सांगितलं तेच ते करतं, आणि हे तुम्ही एकदाही तोंडानं सांगितलेलं नसतं. मग सगळ्या सूचना आधी वहीत लिहून मगच द्यायच्या, मध्ये बदलायच्या नाहीत. इथे पहिल्यांदा 'लिहिलेलं चुकलं, कुठल्या ओळीत चुकलं' हा प्रश्न येतो. त्याला बग म्हणतात हे तेव्हा सांगा, त्याआधी नको.

दुसऱ्या तासाला चौकटीची वही. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात, एकाच्या वहीत पाच बाय पाच ठिपक्यांची छोटी रांगोळी काढलेली, दुसऱ्याची कोरी. पहिल्यानं बघून सांगायचं, दुसऱ्यानं काढायची, प्रश्न विचारायला बंदी. शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. कुठे वेगळं झालं आणि चूक सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची यावर जोरदार भांडणं होतात, ती थोडा वेळ चालू द्या.

अजून एक अ‍ॅक्टिव्हिटी मला फार आवडते, न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून सुरू झालेल्या 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड'मधली. पाच कार्डं घ्या, त्यावर १, २, ४, ८, १६ ठिपके. पाच मुलं ओळीत उभी करा, वर्गाच्या डावीकडून १६ पासून. कार्ड दाखवलं म्हणजे मोजायचं, उलटं केलं म्हणजे नाही. आता एकेकाला त्याच्या वाढदिवसाची तारीख बनवायला सांगा, महिना नको, नुसता दिवस. २१ तारीख म्हणजे १६, ४ आणि १. पाच कार्डांची बेरीज ३१ येते, त्यामुळे कुठलीही तारीख बनतेच, आणि प्रत्येक तारीख एकाच पद्धतीनं बनते. हे का, असा प्रश्न कोणीतरी विचारतंच. बायनरी (फक्त ० आणि १ वापरून आकडे लिहायची पद्धत) हा शब्द त्या प्रश्नानंतर सांगा.

असं साहित्य अजून हवं असेल तर एसीएम इंडिया या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संस्थेचा सीएसपाठशाला हा उपक्रम बघा, कॉम्प्युटरशिवाय शिकवायचे पाठ तिथे मिळतात. बेब्रास नावाची कोड्यांची स्पर्धा २००४ साली लिथुआनियात सुरू झाली, भारतात ती हीच मंडळी घेतात. त्यातली जुनी कोडी वहीवाल्या निम्म्या वर्गासाठी एकदम कामाची आहेत.

तिसरा तास: मांजर

आता लॅब. जोड्या तुम्हीच लावा, मैत्रीवर सोडू नका. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याचं काम तोंडानं सांगायचं, आणि सात-आठ मिनिटांनी टाळी वाजली की बदल. बदल म्हणजे खुर्ची पण बदलायची. हा नियम कडक ठेवा, कारण मी बऱ्याच वर्गात पाहिलंय की मुलगा-मुलगी अशी जोडी असली की माउस मुलाकडेच राहतो आणि मुलगी शेजारी बसून शांतपणे त्याच्या चुका सांगत असते, आणि तासाच्या शेवटी शाबासकी त्याला मिळते. टाळी वाजली की हा प्रश्नच मिटतो.

या तासाला पाचच ब्लॉक फळ्यावर लिहा. हिरवा झेंडा (म्हणजे 'सुरू कर'), मूव्ह, टर्न, वेट, से. सांगा की या पाचातून मांजराला काहीतरी करायला लावा. प्रोजेक्टर असला तरी पाच मिनिटांपेक्षा जास्त दाखवू नका. तुम्ही दाखवता आणि पोरं तेच्या तेच कॉपी करतात याला कोडिंग म्हणत नाहीत, सगळ्या मशीनवर सारखीच मांजरं दिसली तर समजा काहीतरी चुकतंय.

आणि इथून पुढे एक सवय लावा, माझ्या मते अख्ख्या लेखातली हीच सगळ्यात महत्त्वाची. झेंडा दाबायच्या आधी सांगायचं की काय होईल. मोठ्यानं सांगायचं, किंवा वहीत लिहायचं. 'मांजर पुढे जाईल, मग थांबेल, मग बोलेल.' मग दाबायचं. तसंच झालं तर छान, नाही झालं तर तास खऱ्या अर्थानं सुरू झाला. ही सवय नसेल तर मुलं नुसते ब्लॉक जोडत सुटतात, काहीतरी हलतं, हसतात, पुढे जातात, आणि महिन्याभरानं विचारलं तर एकालाही सांगता येत नाही की रिपीटनं नक्की काय केलं.

वहीवाल्या निम्म्या वर्गाला पण हेच द्यायचं. फळ्यावर चार ब्लॉक काढा: मांजर एक्स शून्यावर (म्हणजे आडव्या दिशेत स्टेजच्या मधोमध), तीन वेळा रिपीट, आत मूव्ह २०, मग से. मांजर शेवटी कुठे असेल? कितीदा बोलेल? से ब्लॉक रिपीटच्या आत सरकवला तर? आठवडाभरातले असे पाच-सहा प्रश्न म्हणजे तुमची परीक्षा झाली, 'अल्गोरिदम म्हणजे काय, व्याख्या लिहा' असला पेपर कृपा करून काढू नका.

'सर, होत नाहीये'

हे वाक्य तासाला पन्नास वेळा येणार. तेव्हा तुम्ही काय करता यावर सगळं आहे. हात माउसकडे जातो, दोन सेकंदात दुरुस्त होतं, मूल खूश होतं, आणि पुढच्या वेळी अडकलं की लगेच परत हात वर करतं. त्याऐवजी हात मागे बांधा आणि तीन प्रश्न विचारा. काय व्हायला पाहिजे होतं? काय झालं? कुठपर्यंत बरोबर चाललं होतं? मग म्हणा, स्क्रीनवर बोट ठेव आणि वरून एकेक ब्लॉक मला वाचून दाखव. अर्ध्याहून जास्त वेळा वाचता वाचताच 'अरे हां' होतं आणि तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

तुम्हालाच उत्तर माहीत नसेल तर सरळ म्हणा, 'मला माहीत नाही, चल बघू या.' आपल्याकडे शिक्षकानं असं म्हणायची सवय नाही त्यामुळे पहिल्यांदा जड जातं, पण पोरांना ते फार आवडतं, आणि दोन बाकांपलीकडच्या कोणाला तरी ते आधीच जमलेलं असतं, त्याला बोलवा. फक्त एक अट, त्यानं येऊन तोंडानं सांगायचं, माउसला हात लावायचा नाही.

हमखास येणाऱ्या अडचणी सांगून ठेवतो म्हणजे तुमची धांदल होणार नाही.

मांजर कडेला आपटून परत फिरलं की डोक्यावर उलटं चालायला लागतं. रोटेशन स्टाइल लेफ्ट-राइट केली की सरळ होतं.

चौकोन फिरायला सांगितला, चार वेळा पुढे आणि ९० अंशात वळ, झेंडा दाबला, आणि मांजर हललंच नाही. खरं तर ते हललं, पण इतक्या पटकन की दिसलं नाही, आणि चौकोन पूर्ण करून ते होतं तिथेच परत आलं. रिपीटच्या आत एक सेकंदाचा वेट टाकायला सांगा. ही अडचण मी मुद्दाम येऊ देतो, कारण 'काहीच झालं नाही' आणि 'झालं पण दिसलं नाही' यातला फरक मुलांच्या एकदम लक्षात राहतो.

'जर भिंतीला टेकलं तर' असा इफ ब्लॉक लावला आणि तो कामच करत नाही. तो फॉरएव्हर या सतत चालू राहणाऱ्या ब्लॉकच्या बाहेर असतो, म्हणजे झेंडा दाबल्याबरोबर एकदाच तपासतो आणि संपतो. इथे विचारा, 'मशीननं किती वेळा बघितलं?'

रांगोळीचा तास, म्हणजे गणिताचा

इथे थोडं जास्त थांबणार आहे. गणिताचे शिक्षक असाल तर हा भाग तुमचाच.

डावीकडे खाली एक्सटेन्शनचं बटण आहे, तिथून पेन घ्या. सुरुवातीला इरेज ऑल आणि पेन डाउन, मग चौकोन: रिपीट ४, मूव्ह १००, टर्न ९०. छान आला. आता म्हणा, समभुज त्रिकोण काढा. पोरं आत्मविश्वासानं रिपीट ३ आणि टर्न ६० टाकतात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० हे पाठ आहे. आणि स्क्रीनवर येतो अर्धा षटकोन. वर्गात शांतता. काही सांगू नका. फरशीवर खडूनं मोठा त्रिकोण काढा आणि एकाला त्यावरून चालायला लावा, कोपऱ्यावर आला की विचारा, तू किती वळलास? तो सरळ चाललेला असतो आणि त्याला जवळजवळ मागे वळावं लागतं, ६० पेक्षा कितीतरी जास्त. १२० हे उत्तर वर्गातूनच येतं. बाह्यकोन हा शब्द पुस्तकात असतो, पण पायांना कळलेला बाह्यकोन वेगळाच.

मग पाच बाजू, सहा बाजू, आठ बाजू. आठ बाजूंच्या वेळी मूव्ह ५० करायला सांगा, १०० ठेवलं तर मांजर स्टेजच्या खालच्या कडेला अडकतं आणि आकार बिघडतो. स्टेज ४८० बाय ३६० आहे, मधोमध शून्य, एक्स उणे २४० ते २४० आणि वाय उणे १८० ते १८०. सहावीतल्या पूर्णांक संख्या आणि नववीतली निर्देशक भूमिती इथे पोरांच्या हातात येते, मांजर डावीकडे पाठवायचं तर उणे लागतंच. फळ्यावर तक्ता करा: बाजू ३ वळण १२०, बाजू ४ वळण ९०, बाजू ५ वळण ७२, बाजू ६ वळण ६०. पुढची ओळ मुलांना शोधू द्या. ३६० भागिले बाजू हे कोणीतरी ओरडून सांगतं. सात बाजूंना भाग जात नाही, तिथे हिरव्या ब्लॉकमधला भागाकार घेऊन ३६० भागिले ७ तसाच टाकायचा, मशीनला चालतं. आणि ३६ वेळा मूव्ह १०, टर्न १० केलं की गोल दिसतो, खरं तर तो ३६ बाजूंचा आहे, यावर अजून एक तास सहज जातो.

आता रांगोळी: चौकोनाचा रिपीट, त्याच्या बाहेर अजून एक रिपीट ६, आणि प्रत्येक चौकोनानंतर टर्न ६०. फूल येतं. रंग बदला, आकडे बदला. एका मुलीनं सहाऐवजी ३६ आणि ६०ऐवजी १० टाकलं की सगळा वर्ग तिच्या मशीनभोवती. दिवाळीच्या सुट्टीआधी हा तास येईल असं नियोजन करा, प्रिंट काढून वर्गात लावा.

मग गेम

पोरं पहिल्या दिवसापासून गेम मागत असतात, पण तो सातव्या-आठव्या तासाच्या आधी देऊ नका. आंब्याचा गेम चांगला: खाली टोपली, डाव्या-उजव्या बाणानं हलते. वरून आंबा पडतो, टोपलीत आला की गुण. आंब्याचं चित्र त्यांनाच काढू द्या, स्क्रॅचमधलं तयार चित्र (स्प्राइट) घेऊ नका.

एका तासात एकच तुकडा. आधी टोपली हलली पाहिजे. पुढच्या तासाला आंबा वरून खाली, वाय १७० पासून, दर वेळी वाय उणे ५ नी बदलायचा, एक्स रँडम, उणे २०० ते २००. त्याच्या पुढच्या तासाला टोपलीला टेकला की स्कोअर एकनं वाढ, आणि नाही पकडला, वाय उणे १६० च्या खाली गेला, तर परत वर. इथे दोन मस्त बग येतात. एक, आंबा एकदाच पकडला आणि स्कोअर पंधरानं वाढला, कारण टोपलीत असेपर्यंत मशीन परत परत 'टेकला' म्हणतंय, म्हणून पकडला की लगेच आंबा वर पाठवायचा. दुसरा, गेम परत सुरू केला तर जुनाच स्कोअर दिसतो, कारण झेंड्याखाली स्कोअर शून्य करायचा राहिला. दोन्ही बग आधी सांगू नका. त्यांना सापडू द्या.

भराभर पुढे जाणारी दोन-तीन मुलं असतातच, त्यांना 'अजून एक फीचर टाक' म्हणण्यापेक्षा वेगळं कोडं द्या: १ ते १०० मधला आकडा मशीननं मनात धरायचा आणि आपण ओळखायचा, मशीन 'मोठा' किंवा 'छोटा' सांगेल. बनवून झालं की विचारा, सगळ्यात जास्त किती प्रयत्नात नक्की ओळखता येईल? दर वेळी मधला आकडा धरला की सातात येतंच. ती मुलं दोन दिवस हेच सिद्ध करत बसतात.

मागे राहणाऱ्यांना तुमचा अर्धवट बनवलेला प्रोजेक्ट द्या, त्यात एक चूक मुद्दाम ठेवलेली. कोऱ्या स्टेजसमोर गोठणारं मूल दुसऱ्याची चूक शोधायला मात्र हिरीरीनं बसतं.

पालक काय विचारतील

पालकसभेत दोन प्रश्न येतात. पहिला, बाहेर महागडा क्लास लावू का? पाचवी-सहावीच्या मुलाला अजिबात नको. स्क्रॅच फुकट आहे, आणि घरी कॉम्प्युटर नसला तर वही आहे. दुसरा, आता एआय सगळा कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला? याला मी रांगोळीचंच उदाहरण देतो. त्रिकोणाला ६० टाकून अर्धा षटकोन का आला हे ज्याला कळलं, त्याला एआयनं दिलेला कोड बरोबर आहे की नाही ते तपासता येईल. ज्यानं तो अनुभव घेतलाच नाही तो जे येईल ते घेऊन बसेल. वर्गात मात्र सुरुवातीचं वर्षभर एआयकडून ब्लॉक विचारून घ्यायचे नाहीत असा नियम ठेवा आणि कारण मुलांना मोकळेपणानं सांगा, त्यांना पटतं.

दोन-अडीच महिन्यांनी पालकांना लॅबमध्ये बोलवा. भाषणं नकोत. प्रत्येक जोडी आपल्या मशीनशेजारी उभी, पालकांनी येऊन गेम खेळायचा, आणि मुलांनी एक बग कसा सापडला ते सांगायचं.

आठवी-नववी आणि पायथन

ब्लॉकमध्ये रमलेलं मूल कधी टाइप करायला तयार आहे? ते स्वतःहून म्हणायला लागतं की ब्लॉक ओढत बसणं स्लो आहे. तेव्हा पायथन. ऑफलाइन चालणारा थॉनी हा एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, नवशिक्यांसाठीच बनवलाय, आणि त्यात पायथन आतच येतं, वेगळं टाकावं लागत नाही. पहिला प्रोग्रॅम तोच चौकोन ठेवा, पायथनमध्ये टर्टल नावाचं मॉड्यूल आहे, लोगोचं कासवच ते. फॉर लूपमध्ये (तो रिपीटसारखाच) फॉरवर्ड १०० आणि राइट ९०. पोरांना नवीन काहीच वाटत नाही, फक्त लिहायची पद्धत बदलली.

अडचणी इथे वेगळ्या. कोलन विसरणं, ओळ आत सरकवायला विसरणं, प्रिंटचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं, अवतरण चिन्ह एकाच बाजूला. लाल अक्षरात एरर आली की मुलं घाबरून सगळं खोडून टाकतात. म्हणून पहिल्या तासाला मुद्दाम चुका करायला लावा, पाच वेगवेगळ्या एरर आणून दाखवायच्या अशी स्पर्धाच घ्या. एरर वाचायची ती शेवटच्या ओळीपासून, काय झालं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि लाइन नंबर त्याच्या वरच्या भागात. टायपिंगचा वेग कमी असतो, तेव्हा दहा ओळींपेक्षा मोठं काही पहिला महिनाभर देऊ नका.

तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे व्हिडिओ बघा, बरेच मराठीत पण आहेत. वर्गाच्या एक तास पुढे असलात तरी पुरतं. आणि दुसऱ्या वर्षी पाचवीची नवीन तुकडी आली की पहिले दोन तास तुम्ही घेऊच नका, आठवीतल्या दोघा-तिघांना रोबोट व्हायला पाठवा, तुम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसा आणि ते कुठे माउसला हात लावतात तेवढं लिहून ठेवा, तास संपला की त्यांना दाखवायला.